कौलांचा हिशेब

गेली दहा-बारा वर्षे आम्ही पदव्युत्तर वर्गाला मराठी ख्रिस्ती साहित्याचा घटक शिकवीत आहोत. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून (१६१६) आरंभ करावा, बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'शी (१८५७) थोडे थांबावे आणि रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांच्यापाशी यावे, हा आमचा ठरलेला मार्ग. विद्यार्थी टिळकांच्या धर्मांतरावर चांगली उत्तरे लिहितात. 'स्मृतिचित्रे'मधील विरहाची वर्षे त्यांना हलवून जातात. परंतु एका वर्षी एका विद्यार्थिनीने वर्गात सरळ विचारले, "सर, धर्मांतर झाल्यानंतर ही माणसे दर रविवारी कुठे जात असत? त्या जागेचा झाडलोटीचा, दुरुस्तीचा खर्च कोण करीत असे?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. मात्र घरी येताना आमच्या लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याहून अस्वस्थ करणारी बाब ही की ते आपल्यापाशी नाही हे आम्हांला तोवर कधी खुपलेही नव्हते.

आपली समीक्षा धर्मांतराच्या क्षणाला फार महत्त्व देते. त्या क्षणात नाट्य असते, संघर्ष असतो, आप्तांची ताटातूट असते. पण एखादा समाज क्षणावर जगत नाही, तो नेमावर जगतो. वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही. एकदा माळ घालणे सोपे, दर आषाढीला निघणे अवघड. गंमत अशी की 'मेथडिस्ट' या नावाचा मूळ अर्थही नेमाने वागणारा असाच आहे. अठराव्या शतकात ऑक्सफर्डमधील जॉन वेस्ली, चार्ल्स वेस्ली आणि त्यांचे सोबती ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी वाचन, ठरल्या दिवशी तुरुंगातील कैद्यांची भेट असे वागत, म्हणून इतर विद्यार्थ्यांनी त्यांना चिडवण्यासाठी हे नाव ठेवले. ते त्यांना चिकटले आणि पुढे त्यांनीच ते स्वीकारले.

हे सारे आज लिहिण्यास एक निमित्त घडले आहे. आमच्यापैकी एक जण एका लहानशा मराठी मेथडिस्ट मंडळीचा सभासद आहे, दुसरा नाही. या मंडळीसमोर गेल्या वर्षापासून एक प्रश्न उभा आहे आणि त्यावर तिच्यात सरळ दोन तट पडले आहेत. गावाचे नाव आम्ही देत नाही. प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि दोन्ही तटांतील माणसे आम्हांला बाजारात रोज भेटतात.

मंडळी म्हणजे चाळीसेक घरे. रविवारच्या उपासनेला पंचवीस-तीस माणसे. सणाला बाकडी पुरत नाहीत, मग सतरंज्या अंथरतात. इमारत दगडी भिंतींची आणि मंगलोरी कौलांची. पुढे लहान ओटा, बाजूला घंटा, मागे एक खोली. त्या खोलीत महिला मंडळाची बैठक भरते आणि संध्याकाळी वस्तीतील मुले अभ्यासाला बसतात. त्यांतील निम्म्याहून अधिक मुले ख्रिस्ती नाहीत. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस शाकारणी होते. फुटकी कौले बदलायची, उंदरांनी हलवलेली नीट बसवायची, पन्हळ साफ करायची. यंदा वासे तपासले तेव्हा तीन वाशांना वाळवी लागलेली निघाली. सुताराने सांगितले की आता नुसत्या शाकारणीने भागणार नाही, छप्पर उतरवून पुन्हा घालावे लागेल.

खर्चाचा आकडा ऐकून पास्टोरेट कमिटी गप्प झाली. अशा वेळी एका जुन्या सभासद कुटुंबाकडून प्रस्ताव आला. हे कुटुंब मोठ्या शहरात स्थिरावले आहे, सधन आहे, आणि आपल्या मूळ मंडळीविषयी त्याला खरा जिव्हाळा आहे. जुनी इमारत पाडावी, तेथे सिमेंटची दुमजली वास्तू उभारावी, रस्त्याच्या बाजूला चार गाळे काढून ते भाड्याने द्यावेत म्हणजे पुढच्या देखभालीची चिंता कायमची मिटेल, आणि सारा खर्च आम्ही करू, असा तो प्रस्ताव. अटी दोनच. वास्तूला त्यांच्या दिवंगत आईचे नाव द्यावे, आणि बांधकाम पुरे होईपर्यंत निर्णय त्यांनी नेमलेल्या समितीने घ्यावेत. अटींत काही गैर आहे असे कोणालाही प्रथमदर्शनी वाटणार नाही. आम्हांलाही वाटले नव्हते.

आम्हांला बोलावले गेले ते जुनी दप्तरे वाचण्यासाठी. इमारत पाडायची तर तिचा इतिहास तरी लिहून ठेवावा, या भावनेने. लोखंडी पेटीत सभांच्या कार्यवृत्तांच्या वह्या होत्या, बाप्तिस्म्याची व विवाहांची नोंदपुस्तके होती, आणि सर्वांत जाड अशी रोजकीर्द. मराठीचे अध्यापक म्हणून आम्ही अर्थातच कार्यवृत्तांकडे आधी वळलो. भाषा तेथे असणार अशी आमची समजूत. पण कार्यवृत्तांची भाषा ठराविक निघाली. प्रार्थनेने सभा सुरू झाली, अमुक ठराव संमत झाला, प्रार्थनेने सभा संपली. माणसे भेटली ती जमाखर्चात.

रोजकीर्दीत आण्यांपासूनचे हिशेब आहेत. घंटेची दोरी, गॅसबत्तीचे मँटल, पेटीच्या भात्याची दुरुस्ती, प्रभुभोजनाच्या टेबलावरचे पांढरे कापड, चुना, खिळे, कौले. जमेच्या बाजूला घरटी वर्गणी. कोणी पैशांनी दिलेली, कोणी धान्याने, आणि पुष्कळांनी श्रमाने. एखाद्या घराच्या नावापुढे रक्कम नाही, त्याऐवजी एक दिवस शाकारणीला आल्याची नोंद आहे. एका विधवेच्या नावापुढे वर्षानुवर्षे केवळ झाडलोट लिहिलेली आहे, आणि खजिनदाराने तिची बाकी कधीही काढलेली नाही. पिकाच्या अर्पणाच्या दिवशी आलेल्या कोंबड्या, भोपळे, बाजरी यांचा उपासनेनंतर लिलाव होई. त्याच्या याद्यांवरून कोणते साल दुष्काळाचे होते हे सांगता येते. आम्ही वर्गात वास्तववादावर व्याख्याने दिली आहेत. या वहीइतका अलंकारहीन आणि भरलेला मराठी मजकूर आम्ही फार दिवसांत वाचला नव्हता.

या वहीने आम्हांला एका जुन्या घटनेची आठवण दिली. ती मेथडिस्ट इतिहासात सर्वश्रुत आहे, पण तिचा अर्थ आम्हांला या पेटीजवळ बसल्यावर उमगला. १२ मे १७३९ रोजी जॉन वेस्ली यांनी ब्रिस्टल शहरात एका सभागृहाची पायाभरणी केली. 'न्यू रूम' या नावाने ते आजही उभे आहे आणि मेथडिस्टांची जगातील सर्वांत जुनी वास्तू म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी तोफा ओतण्याचा एक पडीक कारखाना घेतला. १७१६ मध्ये स्फोट होऊन तो मोडकळीस आला होता, आणि खरेदीपेक्षा त्याच्या डागडुजीलाच कितीतरी अधिक खर्च आला. म्हणजे या चळवळीचे पहिले लंडनमधील घर हे दुरुस्त केलेले खिंडार होते.

ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज राहिले. ते कसे फेडावे याचा विचार करण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सभासद जमले. कॅप्टन फॉय नावाच्या एका सभासदाने सुचवले की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, अनेक जण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढेही जमणार नाही. त्यावर फॉय यांनी दिलेले उत्तर असे होते: सर्वांत गरीब अकरा जण माझ्या वाट्याला द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, जे देतील त्यांचे घेईन, जे देऊ शकणार नाहीत त्यांचे मी भरीन. इतरांनीही तसेच गट घेतले.

पुढे जे घडले ते कोणी योजलेले नव्हते. पेनी मागायला दारात गेलेल्या माणसाला घर दिसू लागले. कोण आजारी आहे, कुणाचे काम सुटले आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, कोणत्या घरात भांडण धुमसते आहे. ही माहिती वेस्लींच्या कानावर येऊ लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपल्याला फार दिवसांपासून हवे होते ते हेच. बारा-बारा जणांचे हे गट मग आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. एकमेकांची विचारपूस, कबुली, प्रार्थना, आणि ती पेनी. 'क्लास मीटिंग' म्हणून जी संस्था पुढे जगभर मेथडिस्ट जीवनाचा कणा ठरली तिचा जन्म असा इमारतीच्या कर्जातून झाला.

धर्मसंस्थांविषयी बोलताना आपण सहसा असे गृहीत धरतो की आधी भक्ती असते, मग समाज जमतो, आणि शेवटी निरुपायाने इमारत येते. ब्रिस्टलमध्ये क्रम उलटा होता. इमारतीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचे ठरले म्हणून समाज परस्परांच्या दारात गेला, आणि दारात गेल्यामुळे सेवा म्हणजे काय ते त्याला कळले. त्यानंतरच्या काही वर्षांतच याच वर्तुळात गरिबांसाठी मोफत औषधे देण्याची सोय झाली आणि लहान धंदेवाल्यांना उसनवार भांडवल देणारा निधी उभा राहिला (१७४६).

आमच्या मंडळीतही हीच रीत नकळत चालत आली होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खजिनदार सायकलवरून चाळीस घरे फिरत. "सलाम, ताई" म्हणून ओट्यावर टेकत, चहा घेत, वर्गणी वहीत टिपत, आणि रविवारी पाळकांना सांगत की अमुक घरी जाऊन या, तमक्याला सरकारी दवाखान्यात डबा लागेल. वर्गणी दहा रुपये असो वा शंभर, फेरी चुकत नसे. २०२० च्या महामारीत ही फेरी बंद पडली. मग वर्गणी मोबाइलवरून येऊ लागली, ओट्यावरील खांबाला चौकटींचे चित्र चिकटले, आणि वसुली पूर्वीपेक्षा नियमित झाली. कमिटीने समाधान नोंदवले. दीड-दोन वर्षांनी असे झाले की एक वृद्ध बाई तीन आठवडे अंथरुणाला खिळून होत्या आणि मंडळीत कोणालाही पत्ता नव्हता. त्यांची वर्गणी मात्र वेळेवर जमा झालेली होती, परगावी असलेल्या मुलाने ती पाठवली होती. यात कोणाचा दोष नाही. पैसे पोचले, पाय पोचले नाहीत, इतकेच.

म्हणून 'छपरावर खर्च करावा की गरिबांवर?' हा प्रश्न, जो अशा प्रत्येक वादात तावातावाने विचारला जातो, आम्हांला चुकीचा मांडलेला वाटतो. खरा प्रश्न आहे तो छपराचा खर्च कोणाकोणाच्या हातून होतो, हा. चाळीस घरांनी मिळून केलेली शाकारणी स्वतःच सेवेची शाळा असते. तीच शाकारणी एका धनादेशाने झाली तर छप्पर गळायचे थांबते, शाळा मात्र बंद पडते.

वेस्लींना हा धोका फार लवकर दिसला होता. ब्रिस्टलच्या सभागृहासाठी त्यांनी प्रथम अकरा विश्वस्त नेमले होते. मित्रांनी, त्यांत जॉर्ज व्हाइटफील्ड हेही होते, लंडनहून लिहून कळवले की असे केलेस तर तुझा उपदेश पसंत न पडल्यास हे विश्वस्त तुलाच तुझ्या सभागृहाबाहेर काढतील. वेस्लींनी ती व्यवस्था रद्द केली आणि कर्जाचा बोजा स्वतःच्या शिरावर घेतला. (हा उपायही निर्दोष नव्हता. सारी सत्ता एका माणसाच्या हाती ठेवण्याची त्यांची सवय पुढे त्यांच्या अनुयायांना जड गेली.) नंतरच्या काळात त्यांनी आपल्या उपदेशकांसाठी जे नियम केले त्यांत एक कलम असे आहे की सभागृहे साधी व नीटनेटकी बांधावीत, अगदी अपरिहार्य असेल त्याहून अधिक खर्च करू नये. कारण महागडी इमारत बांधली की श्रीमंत माणसे आपल्याला आवश्यक होतील, आवश्यक झाली की आपण त्यांच्यावर अवलंबून राहू, आणि अवलंबून राहिलो की त्यांच्या सत्तेखाली जाऊ. साधेपणाचा आग्रह पुष्कळ संतांनी धरला आहे. पण साधेपणाचे असे रोखठोक राजकीय कारण आमच्या वाचनात दुसरे नाही.

मुंबईत मेथडिस्ट मंडळी रुजवणारे विल्यम टेलर १८७१ मध्ये येथे आले तेव्हा त्यांचाही आग्रह हाच होता की स्थानिक मंडळीने आपला पाळक आणि आपली जागा स्वतःच्या बळावर चालवावी. त्यांची पहिली माणसे बहुतांशी युरोपीय व अँग्लो-इंडियन, त्यांत रेल्वेत नोकरी करणारे पुष्कळ. त्यांना असे करणे शक्य होते. मिशनचा पगार सोडून मुंबईच्या देशी वस्तीत अत्यंत साधेपणाने राहणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले हे स्वाभाविकच होते. पुढे खेड्यापाड्यांतील मराठी कुटुंबे मंडळीत आली, आणि ती इतकी गरीब होती की अमेरिकेतून मिशनचा पैसा आणावाच लागला. तो पैसा शाळांना, वसतिगृहांना, दवाखान्यांना कामी आला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यातून देणारे आणि घेणारे अशी जी सवय पडली ती मिशनरी गेल्यावरही गेली नाही. १९८१ मध्ये भारतातील मेथडिस्ट मंडळी स्वायत्त झाली. मंडळीचे संविधान बदलले. दात्याकडे पाहणारी नजर मात्र एका ठरावाने बदलत नसते.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो साहित्याच्या अभ्यासकांकडूनच येतो. दगडविटांचा इतका मोह कशाला? रेव्हरंड टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सारे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, संस्थेची चौकट त्याला नसावी, अशी ती कल्पना. मराठी संतपरंपरेला इतकी जवळची दुसरी कल्पना ख्रिस्ती विचारात क्वचितच सापडेल, आणि आम्हांला ती मनापासून प्रिय आहे. पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. टिकली ती त्यांची भजने. ती कुठे टिकली? 'उपासना संगीता'च्या पानांत, आणि ते पुस्तक दर रविवारी जेथे उघडले जाते त्या लहान लहान मंडळ्यांच्या गळ्यात. या मंडळ्यांत टिळकांच्या अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या, तशा मेथडिस्टही होत्या. पाठ्यपुस्तकात टिळक निसर्गकवी म्हणून दोन कवितांपुरते उरले असताना, ज्यांना त्यांची जन्मतारीख ठाऊक नाही अशा बाया त्यांची पदे तोंडपाठ म्हणत होत्या. त्या बायांच्या डोक्यावर छप्पर होते. ते कोणी तरी दर मे महिन्यात शाकारत होते. मराठी कवितेच्या इतिहासात या शाकारणाऱ्यांची नोंद कोठेही नाही.

दुसरी गोष्ट सांगताना आम्हांला थोडे जपून बोलावे लागेल. महाराष्ट्रातील ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबांपैकी फार मोठा भाग पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतून आलेला आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. ज्या काळात देवळाची पायरी चढणे हा गुन्हा होता त्या काळात या माणसांना एक सार्वजनिक वास्तू अशी मिळाली की तिच्या पुढच्या दाराने आत जाता येत असे, बाकड्यावर बसता येत असे, आणि जिची किल्ली आपल्यातल्याच कोणाच्या तरी खुंटीला असे. जात मंडळीतही शिरली, हे त्या कुटुंबांतील वडीलधारे स्वतः सांगतात. तरीही ज्या भिंतीला आपल्या आजोबांनी चुना दिला ती भिंत आपली, ही भावना दानात मिळालेल्या संगमरवरातून येत नाही. सभेत एक निवृत्त शिक्षिका एवढेच म्हणाल्या की नव्या इमारतीत आम्ही पाहुणे होऊ. त्यांच्या या वाक्याला उत्तर द्यायला कोणी उभे राहिले नाही.

मेथडिस्ट व्यवस्थेत या भावनेला आणखी एक कारण आहे. पाळकांच्या नेमणुका वार्षिक परिषदेत होतात, बिशप त्या वाचून दाखवतात, आणि काही वर्षांनी पाळक दुसऱ्या गावी जातो. वेस्लींच्या फिरत्या उपदेशकांपासून चालत आलेली ही प्रथा. तिचे गुण आहेत, पण तिचा एक परिणाम असा की गावातील मंडळीची स्मृती पाळकापाशी राहत नाही. ती राहते सभासदांपाशी आणि वास्तूपाशी. कोणता वासा कोणत्या पुरानंतर बदलला, हे सांगणारा माणूस हाच तेथील इतिहासकार.

आता विरुद्ध पक्षाची बाजू. ती आम्हांला कमकुवत वाटत नाही. ब्रिटनमध्ये, जेथे ही चळवळ जन्मली तेथेच, शेकडो मेथडिस्ट प्रार्थनागृहे बंद झाली, विकली गेली, त्यांची घरे आणि दुकाने झाली. त्यांतील कित्येक ठिकाणी मूठभर वृद्ध सभासद अखेरची वर्षे पन्हळी आणि ओल यांच्यामागे धावण्यात घालवून थकून गेले. इमारत मंडळीसाठी असण्याऐवजी मंडळी इमारतीसाठी उरली. ज्या कर्जातून समाज जन्मतो त्याच कर्जात तो बुडूही शकतो. आर्नल्ड बेनेट यांच्या 'ॲना ऑफ द फाइव्ह टाउन्स' (१९०२) या कादंबरीत मेथडिस्ट वस्तीतील पैशाचे हे दडपण दिसते. रविवारच्या शाळेचा प्रमुख असलेला टायटस प्राइस कर्जबाजारी होऊन आत्महत्या करतो, आणि त्याच्याकडून भाडे वसूल करण्याचे काम जिच्यावर आले ती ॲना त्याच समाजातली असते. एकाच बाकड्यावर बसणारी माणसे एकमेकांची धनको आणि ऋणको असतात, आणि प्रार्थना त्या नात्याला स्पर्श करीत नाही. आमच्या मंडळीतील तरुण म्हणतात की आम्हांला नोकऱ्या आहेत, शिफ्ट आहेत, कौलांवर चढायला वेळ नाही, आणि पडल्यास दवाखान्याचे बिल कोण देणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भूतकाळाचे कौतुक करणारे आम्ही दोघे आजवर एकदाही शिडीवर चढलेलो नाही, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून आमचा आग्रह कौलांसाठी नाही. वाळवी लागलेले वासे काढून लोखंडी कैच्या घालाव्यात, परवडत नसेल तर वर पत्रे घालावेत. सौंदर्याची हानी होईल, ती सोसावी. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तेव्हा मंगलोरी कौल हीसुद्धा नवी आणि कारखान्यात निघालेली वस्तूच होती. परंपरा म्हणून आपण जे जपतो ते पुष्कळदा आजोबांनी केलेली काटकसर असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की वास्तूचा आकार मंडळीच्या हातांहून मोठा होऊ देऊ नये. चाळीस घरांना जी सांभाळता येत नाही ती इमारत त्यांची राहणार नाही, मग दगडावर कोणाचेही नाव असो. गाळ्यांच्या भाड्याने देखभालीची चिंता मिटेल हे खरे, पण ज्या दिवशी ती चिंता पूर्ण मिटेल त्या दिवशी चाळीस दारांत जाण्याचे शेवटचे कारणही मिटेल. त्याऐवजी दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने छप्पर करावे. दरेक घराने काही तरी द्यावे, ज्यांना शक्य नाही त्यांचे इतरांनी भरावे, आणि कोणी कोणाचे भरले हे वहीत लिहू नये. दात्या कुटुंबाचा आदराने स्वीकार करावा, मात्र एकेचाळिसावे घर म्हणून. त्यांच्या आईच्या स्मरणार्थ काही करायचे असेल तर मागच्या खोलीत अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी दिवे, पुस्तके आणि एक पगारी शिक्षिका यांची सोय करता येईल. मोबाइलवरून वर्गणी खुशाल यावी. पण महिन्याची फेरी पुन्हा सुरू व्हावी, वही घेऊन, पैसे न मागता. नवा खजिनदार तरुण आहे, त्याच्याकडे मोटारसायकल आहे. चाळीस घरे त्याला दोन संध्याकाळी पुरतील.

आपल्या विषयापुरते बोलायचे तर, आम्ही यंदापासून विद्यार्थ्यांना ख्रिस्ती साहित्याच्या घटकाबरोबर एक लहान प्रकल्प देणार आहोत. ज्याने त्याने आपल्या गावातील एखाद्या जुन्या सार्वजनिक संस्थेची जमाखर्चाची वही पाहून यावी. मंडळी असो, देऊळ असो, तालीम असो वा वाचनालय. तीत कोणाच्या नावापुढे पैसे आहेत, कोणाच्या नावापुढे श्रम, आणि कोणाच्या नावापुढे काहीच नसतानाही नाव राखलेले आहे, हे टिपून आणावे. ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला होता तिला त्याचे उत्तर देण्याची आमची हीच रीत.

पास्टोरेट कमिटीची सभा पावसाळ्यानंतर आहे. तोवर तीन वाशांना खालून टेकू दिले आहेत आणि गळणाऱ्या जागेवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आहे. उपासनेच्या वेळी तेवढा एक बाक रिकामा ठेवतात. निर्णय आमच्या मताविरुद्ध जाण्याची शक्यता अधिक आहे, कारण थकलेल्या माणसांना आयते घर मिळत असताना नाही म्हणणे कठीण असते, आणि तसे झाले तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. पण रोजकीर्दीची ती वही नव्या इमारतीच्या पायात पुरू नये, एवढी विनंती आम्ही लेखी दिली आहे.